कुसुम टीचरच्या नावानं

भाताची कापणी अर्ध्यावर आली होती, त्याच आठवड्यात कुसुम टीचरनी यमुनाला वर्गातून बाहेर बोलावलं.

अळणावरपासून चार मैलांवरच्या त्या वाडीत मराठी शाळा होती, पहिली ते पाचवी. एकतीस पोरं आणि दोन शिक्षिका. कुसुम टीचर कायमच्या, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या. हुबळीच्या देशपांडे नगरातून त्या रोज येऊन-जाऊन करायच्या. यमुना गावातलीच सून, डी. एड. झालेली, तीन वर्षं अतिथी शिक्षिका. म्हणजे जूनला नेमायचं, मार्चअखेर घरी पाठवायचं आणि पुढच्या जूनला पुन्हा अर्ज करायचा. इंग्रजीचे सगळे तास तिच्याकडंच होते.

व्हरांड्यात एकच खुर्ची होती. तिच्यावर कुसुम टीचर बसल्या. यमुना खांबाला टेकून उभी राहिली. टीचरनी पर्समधून चौघडी केलेला कागद काढला. कागद कन्नडमधला होता. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना दहा दिवसांचं प्रशिक्षण, धारवाडच्या बाहेर रायापूरला, सोमवारपासून.

"कायमच्यांनाच बोलावलंय, माझं नाव आलंय," कुसुम टीचर म्हणाल्या. "सकाळी साडेनऊला सही, संध्याकाळी साडेपाचला सही. आमच्या घरची तऱ्हा तुला माहीत आहे."

यमुनाला माहीत होतं. टीचरचे यजमान बाळकृष्णराव हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं दुकान चालवायचे. पावसाळ्याच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि डावी बाजू गेली ती गेलीच. टीचर शाळेत अकराला पोचायच्या आणि दोनला निघायच्या. गाव ते चालवून घेत होतं.

"सुट्ट्या सगळ्या संपल्यात. नाही म्हटलं तर नोटीस येणार. आणि गेले तरी मी काय बोलू तिथं? तीस वर्षं पहिलीला मराठी शिकवली मी. इंग्रजीत उभं केलं तर चार वाक्यं यायची नाहीत." त्यांनी कागद यमुनाच्या हातात दिला. "तू जा. शिकवतेस तूच. माझ्या नावावर सही कर. मला तिथं कोण ओळखतंय?"

"आणि शाळा?"

"दहा दिवस मी कसंही करून शाळा उघडते. दोनला बंद करते. तुझी हजेरी इथं मी लावीन." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "जूनमध्ये तुला अनुभवाचा दाखला लागणार. तीन वर्षांचा, चांगला लिहून देईन. तुझी जागा कुठं जात नाही."

यमुनाला दाखला हवा होताच, पण त्याहून दुसरंच काही हवं होतं. तीन वर्षं ती पोरांपुढं उभी राहून इंग्रजी शिकवत होती, पण ते कसं शिकवायचं हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पुस्तकातलं वाक्य ती वाचायची, पोरं मागून म्हणायची. अर्थ सांगितला की पोरांना कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. आपलं काहीतरी चुकतंय हे तिला दिसत होतं. काय चुकतंय ते दिसत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा सासू सोनाबाई चुलीपुढं होती.

"धा दिस?" ती म्हणाली. "कापणीच्या टायमाला?"

गणेश, यमुनाचा नवरा, उंबऱ्यात बसून विळा घासत होता. विळा उलटा करून त्यानं दुसरी बाजू घासायला घेतली.

"जूनची जागा पक्की होती," यमुना म्हणाली.

"मग मी जातो तिच्या वाटणीला," सोनाबाई गणेशकडं बघून म्हणाली. तिची पाठ दोन वर्षांपासून सरळ होत नव्हती. "वाकलेलीच हाय. कापायला आनि वाकायचं काय."

सोमवारी यमुना पहाटेची भाकरी टाकून फाट्यावर आली. अळणावर, धारवाड, तिथून रायापूर. हॉलमध्ये चाळीस जण होते, बरेचसे कन्नड शाळांतले. शिकवणाऱ्या बाईंचं नाव निवेदिता. वय यमुनाएवढंच असेल. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि कापडाचा चेंडू हातात घेतला. चेंडू ज्याच्याकडं येईल त्यानं आपलं नाव सांगायचं, आणि आधीच्याचंही सांगायचं.

चेंडू यमुनाकडं आला.

"माय नेम इज..." ती थांबली. सगळे बघत होते. "कुसुम."

गोलाच्या पलीकडून कोणीतरी हलकंसं खोकलं. अळणावरच्या मराठी शाळेतले श्रीहरी सर होते. कुसुम टीचरना ते वीस वर्षं ओळखत होते, यमुनालाही दोनदा बघितलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले.

"काय कुसुमताई," ते म्हणाले, "गुडघे बरे झाले म्हणायचे."

यमुनाचा घास तोंडातच राहिला.

"भिऊ नका. मी कशाला बोलतोय." त्यांनी तिच्या ताटातलं लोणचं बोटानं उचलून घेतलं. "फक्त संध्याकाळी तुम्ही लिहिलेलं मला दाखवत जा. मला एवढं भराभरा लिहायला होत नाही."

दहाही दिवस तिनं वही त्यांना दिली.

पण शिकणं खरं होतं. वाक्याचा अर्थ सांगायचा नाही, वस्तू हातात द्यायची. एक वाक्य घ्यायचं आणि ते वीस वेळा खरंच लागेल असा खेळ करायचा. पोर चुकलं तर थांबवायचं नाही, आपण नीट बोलून पुढं जायचं. विकतचं साहित्य लागत नाही, घरात आहे त्यातून पाठ उभा करायचा. निवेदिताबाई कन्नडमध्ये सांगायच्या, मग इंग्रजीत. यमुना सगळं मराठीत लिहून घ्यायची. परतीच्या बसमध्ये उभ्याउभ्या तिच्या डोक्यात पोरं येत होती. पाचवीतल्या कृष्णाला 'अंडर' म्हणजे काय हे अजून कळलेलं नव्हतं. त्याला ते कसं शिकवायचं हे तिला आता कळलं होतं. पहिल्यांदाच.

रात्रीच्या जेवणावर ती सांगू लागली की सोनाबाई ऐकायची, पण तिचे डोळे मिटत असायचे. हाताला विळ्यानं घट्टे आले होते.

आठव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी रायापूरला आभाळ काळं झालं. हॉलच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला तेव्हा निवेदिताबाई दुसऱ्या दिवशीच्या पाठाची नावं वाचत होत्या. जवळच्या शाळेतली खरी मुलं आणणार होते. त्यांच्यापुढं तिघांनी पाठ घ्यायचा. पहिलं नाव कुसुम.

यमुना ऐकत होती आणि पत्र्याकडं बघत होती. सोमवारीच कापलेलं भात रानात आडवं पडलेलं होतं, वाळायला.

फाट्यावर उतरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. ती घरी न जाता सरळ रानात गेली. वाफ्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि कापलेलं भात त्यात तरंगत होतं. गणेश एका कडेनं कवेत घेऊन बांधावर टाकत होता. दुसऱ्या कडेला सोनाबाई. डोक्यावरचं पोतं भिजून पाठीला चिकटलेलं. पाणी गळणारी कवळी तिला पेलत नव्हती. ती छातीशी धरायची, दोन पावलं टाकायची, गुडघ्यावर टेकवायची, पुन्हा उचलायची.

यमुनानं पिशवी बांधावर ठेवली, लुगड्याचा ओचा खोचला आणि पाण्यात उतरली. दिसेनासं होईपर्यंत तिघं उचलत राहिली. निम्मंही झालं नाही. बांधावरचं भातही वरून भिजतच होतं.

घरी आल्यावर सोनाबाईची बोटं मिटेनात. यमुनानं तव्यावर फडकं गरम करून शेकलं. गणेश भिंतीला टेकून बसला होता.

"उद्या जाऊ नको," तो म्हणाला. "सकाळधरनं तिघांनी उचललं तर निम्मं तरी हाताला लागंल."

"उद्या माझा पाठ हाय."

"तुझा?" गणेश म्हणाला. "नाव तर त्या बाईचं."

यमुनानं शेकायचं फडकं पुन्हा तव्यावर टाकलं. सकाळी ती उठली, भाकऱ्या केल्या, कोंबड्या सोडल्या आणि त्यांच्यावर झाकायचं डालगं उचलून घेतलं. सोनाबाई घोंगड्याखाली कण्हत होती. तिनं इकडं बघितलं नाही.

बसमध्ये कंडक्टरनं, कन्नडमध्ये शिक्षिकेला म्हणतात तसं, विचारलं, "अक्कोर, आत कोंबडी आहे काय?" दोघंतिघं हसले. यमुना नाही म्हणाली आणि आधार कार्ड पुढं केलं. त्यावर तिचं नाव होतं. कंडक्टरनं न वाचताच बायकांसाठीचं फुकटचं तिकीट फाडून दिलं.

जुन्या झंपराची तिनं एक कोंबडी शिवली होती. पाठाला ती कोंबडी पोरांच्या हातात दिली. कोंबडी डालग्याखाली, डालग्यावर, डालग्याच्या मागं. बाकीच्यांनी डोळे मिटायचे, एकानं लपवायची आणि विचारायचं, व्हेअर इज द हेन? पहिल्यांदा पोरं लाजली. मग एक पोरगी एवढ्या मोठ्यानं 'अंडर द बास्केट' म्हणाली की मागं बसलेले शिक्षक हसले. पुढं पोरं आपणच लपवू लागली, आपणच विचारू लागली. शेवटी यमुना नुसती बाजूला उभी होती. कार्यालयातला एक माणूस मोबाईलवर सगळं टिपून घेत होता.

निवेदिताबाईंनी तिचा हात हातात घेतला. "भाळ छलो, कुसुम," त्या म्हणाल्या. "फार छान. मी बारा वर्षं हे काम करते आहे. असे पाठ मी फार थोडे बघितले."

यमुनाला त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. श्रीहरी सर समोरच उभे होते. तिनं मान खाली घातली. निवेदिताबाईंना वाटलं ती लाजली.

रानातलं भात चार दिवसांनी घरी आलं ते मोड घेऊनच. ओंब्यांना पांढरे कोंब आले. मळून जे निघालं ते काळपट, कुबट वासाचं. बाकीचं गणेशनं बैलांपुढं टाकलं. सोनाबाई आठ दिवस तापानं पडून होती. उठली तेव्हा तिच्या छातीत घरघर राहिली ती राहिलीच. गणेश त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्दही बोलला नाही. त्यानं बोलावं असं यमुनाला कितीदा वाटलं.

प्रमाणपत्र तिनं कुसुम टीचरना नेऊन दिलं. टीचरनी नाव वाचलं आणि ते घडी न करता फायलीत ठेवलं. "तुझे उपकार आहेत," त्या म्हणाल्या.

यमुनानं वर्गात सगळं आणलं. जुन्या लुगड्याला खिसे शिवून भिंतीवर टांगलं, त्यात चित्रांचे तुकडे. पोरं मधल्या सुट्टीतही इंग्रजीत भांडू लागली. दोन महिने असे गेले, आणि ते तिचे चांगले दोन महिने होते.

जानेवारीच्या शेवटी तिच्या पाठाचा व्हिडिओ सगळ्या शाळांना गेला. खाली नाव कुसुम टीचरचं. पाठ शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत छापायचं ठरलं, आणि कुसुम टीचरनी इतर शिक्षकांना तो शिकवायला यावं असं पत्र निघालं. कुसुम टीचरना ओळखणारं कोणीतरी त्या कार्यालयात होतंच. आठवड्यातच दुसरं पत्र आलं. व्हिडिओतली बाई कोण, तीन दिवसांत खुलासा करावा.

त्या दिवशी कुसुम टीचर शाळेत न थांबता यमुनाच्या घरी आल्या. बरोबर श्रीहरी सर होते. सोनाबाईनं घोंगडं अंथरलं. टीचर बसल्या. त्यांचे ओठ पांढुरके पडले होते.

"निलंबन होईल," त्या म्हणाल्या. "पेन्शन जाईल. माझ्या माणसाला मी कुशीवर वळवते, यमुना. त्याला भरवते. ती पेन्शन गेली तर आम्ही काय करायचं?"

श्रीहरी सरांनी खिशातून कागद काढला. कन्नडमध्ये मजकूर लिहून आणला होता. "हे तुमच्या अक्षरात उतरवून सही करा. ह्यात कोणाचंच जात नाही."

यमुनानं वाचलं. मी शाळेत दुपारच्या स्वयंपाकाला मदत करते. प्रशिक्षणाला कुसुम टीचरच जात होत्या. पाठाच्या दिवशी साहित्य उचलायला मी बरोबर गेले होते. टीचरचा घसा बसला, म्हणून त्यांनी तयार केलेला पाठ त्यांच्या सांगण्याप्रमाणं मी करून दाखवला.

तिनं दोनदा वाचलं.

"मी शिकवते असं ह्यात कुठंच न्हाई."

"तसं लिहिलं तर विचारतील," श्रीहरी सर म्हणाले, "अतिथी शिक्षिका दहा दिवस रायापूरला होती, तर शाळेत तिची हजेरी कुणी लावली? मानधन कशाचं घेतलं? मग तुमच्यावरही येतं. त्या एकट्या जात नाहीत. अतिथींची नावं शाळेच्या वहीतच असतात, कार्यालयात कोणी बघत नाही."

"तुमीबी होता तिथं," यमुना म्हणाली. "तुमाला सगळं ठाऊक होतं."

"मी काही बघितलं नाही," श्रीहरी सर शांतपणे म्हणाले.

कुसुम टीचरनी यमुनाचे पाय धरायला हात पुढं केले. वयानं आईएवढी बाई. यमुना झटकन मागं सरली. दारात सोनाबाई उभी होती, तिच्या छातीतली घरघर खोलीत ऐकू येत होती.

"लिही जा," सोनाबाई म्हणाली. "पोलिसाबिलिसाचं झालं तर गणेशला सोसायचं न्हाई."

यमुनानं लिहून दिलं. प्रशिक्षणाच्या सगळ्या कागदांत तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदाच आलं, सहीच्या जागी.

चार दिवसांनी मोबाईल वाजला. ती गोठ्यातलं शेण काढत होती. हात धुऊन तिनं उचलला. निवेदिताबाई होत्या. त्या इंग्रजीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"यमुना? दॅट इज युवर नेम?"

"येस, मॅडम."

"तू लिहिलेलं मी वाचलं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "माझा विश्वास बसत नाही. दहा दिवस माझ्यासमोर तू बसलीस. मला खरं सांग. तू शिक्षिका असशील तर मी लिहीन वरती. माझं थोडंफार ऐकतात. आर यू अ टीचर?"

गोठ्यात बैल शेपटीनं माशा हाकत होता. यमुनानं फोन दुसऱ्या कानाला लावला. खरं सांगितलं असतं तर कुसुम टीचर गेल्या असत्या, आणि बहुतेक तीही. तरी तोंडाशी आलेलं तिला गिळावं लागलं.

"नो, मॅडम," ती म्हणाली. "आय हेल्प इन द किचन."

"ओके," निवेदिताबाई म्हणाल्या. फोन बंद झाला. तिचं इंग्रजी वाक्य चुकलं नव्हतं, हे यमुनाला मागाहून कळलं.

मे महिना संपताना अर्ज भरायचे होते. यमुना दाखल्यासाठी हुबळीला देशपांडे नगरात गेली. आतल्या खोलीतून औषधाचा वास येत होता. बाळकृष्णराव पलंगावर होते, त्यांनी एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं आणि काहीतरी विचारलं. शब्द लागले नाहीत.

कुसुम टीचरनी पाणी दिलं. चौकशी मिटली होती. ताकीद देऊन सोडलं होतं.

"दाखला कसा देऊ, यमुना?" त्या म्हणाल्या. "तू स्वयंपाकाला मदत करतेस असं लिहून दिलंस. त्याच कार्यालयात तुझा अर्ज जाणार. तीन वर्षं शिकवलं असं मी लिहिलं तर दोन्ही कागद शेजारी ठेवतील."

"मग माझी तीन वर्षं?"

टीचर पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या. सोडवली, पुन्हा मारली. "पुढच्या वर्षी बघू. तोवर लोक विसरतील."

यमुना भांडली नाही. परतीच्या बसमध्ये तिला जागा मिळाली तरी ती बराच वेळ उभीच होती.

अनुभव नसल्यावर नुसते गुण बघितले. यादीत ती पाचवी लागली. जागा अळणावरच्या रोहिणी नावाच्या मुलीला मिळाली, नुकत्याच पास झालेल्या. पहिल्याच दिवशी ती यमुनाच्या घरी आली. भली मुलगी. वर्गातल्या कपाटाची किल्ली आहे का, म्हणून विचारलं. मग पिशवीतून नवीकोरी हस्तपुस्तिका काढून दाखवली. "कुसुम टीचरचा पाठ आहे ह्यात. अक्का, तुम्ही बघितलाय का त्यांना शिकवताना? मला नीट समजलं नाही."

यमुनानं किल्ली आणून दिली. "पुस्तकात असंल तसं करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेरणी होती. घरचं बी मोडात गेलेलं, म्हणून यंदा बी विकतचं. गणेशनं बैल पेरणीच्या कुरीला जुंपले. बी सोडायला दरवर्षी सोनाबाई असायची, पण चार पावलांत तिला धाप लागली तशी ती बांधावर बसली. यमुनानं ओटीत बी घेतलं आणि कुरीच्या वाटीसारख्या चाड्यावर मूठ धरली. वरची माती कोरडी होती, खाली ओल. बी नळ्यांतून खाली जाताना आवाज होत होता. बैलांच्या मागं चालायचं आणि बोटांतून सारखं, एका वेगानं दाणे सुटू द्यायचे, एवढंच काम. तासाभरात बोटांच्या पेरांना कळ लागली.

नवाच्या सुमाराला बांधावरून शाळेची पोरं चालली होती. कृष्णा सहावीला अळणावरला गेलेला, पण बाकीची तीच. चौथीतली रेश्मा थांबली. तिच्या मागं दोघंतिघं थांबली.

"टीचर," ती म्हणाली, "तुमी कवा येणार?"

यमुनाची नजर चाड्यावर होती. मूठ मध्येच थांबली तर तेवढा पट्टा रिकामा राहतो, आणि ते पंधरा दिवसांनी, उगवल्यावर दिसतं. मग काही करता येत नाही.

"टीचर?"

"तिला काम हाय," सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "जावा तुमी. घंटा व्हईल."

पोरं थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली. कुरीचा तास शेवटापर्यंत गेला. गणेशनं बैल वळवले. यमुनानं ओटीत हात घालून पुन्हा मूठ भरली.